घंटांविना घाट

दि. १४ ऑक्टोबर १८९७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. खेचरे दहा, गाड्या दोन, पिठाची पोती साठ.

पोती साल्मन नदीच्या दरीत सोने धुणाऱ्या डेम्पसीच्या छावणीची होती. माणसे अकरा. डेम्पसीने निक्षून कळवले होते : "वीस तारखेच्या दुपारी बारापर्यंत तुझ्या खेचरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, तर हिवाळा इथंच काढू. नाहीतर तराफ्यावर बसून निघालो." त्या नदीत तराफा खाली जाई, परत कधीच येत नसे.

एकोणीस तारखेला घाटमाथ्यावर मागची गाडी आसापर्यंत चिखलात रुतली. तंत्रविद्यालयात शिकलेली तरफेची सारी गणिते मी पहारीने करून पाहिली. गाडी हलली नाही. तेवढ्यात समोरून क्लेम रडिक रिकामी गाडी घेऊन आला.

"काय म्हातारबा, गाडी पेरलीत होय? पीक कधी काढणार?"

"दात काढू नकोस. खेचरं जोड."

"जोडतो की. पण रिवाज ठाऊक आहे ना?"

ठाऊक होता. ज्याला दुसऱ्याने ओढून काढले, त्याने आपल्या घंटा त्याला द्यायच्या. गाडी निघाली. मी पुढच्या जोडीच्या घंटा सोडू लागलो, तसा तोच ओशाळला.

"राहू द्या हो. इथं कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

डेम्पसीचा निरोप मी त्याला सांगितला नाही. ते भीक मागणे झाले असते.

बावीस वर्षांत प्रथमच मी घाट मुक्याने उतरलो. समोरच्याला इशारा देणारे काही नाही. म्हणून प्रत्येक वळणाआधी गाडी थांबवायची, चालत पुढे जायचे, रस्ता मोकळा पाहून परतायचे. खेचरे सारखी कान टवकारत. मी त्यांच्याशी बोलून पाहिले. थोड्या वेळाने माझाच आवाज मला नकोसा झाला.

वीस तारखेला, बाराला पाच मिनिटे कमी असताना, मी छावणीच्या दीड मैल वर होतो. पाइनच्या झाडीमुळे रस्ता खालून दिसत नाही. मला मात्र ठिपक्यांएवढी माणसे तराफ्यावर चढताना दिसली. मी ओरडलो, बादली बडवली. घंटेचा बारीक नाद त्या खळाळावरून पार जातो. बाकी सारे पाणी गिळते. एक जण काठावर निश्चल उभा होता, ऐकत. मग त्याने दोर सोडला.

तीन वाजता पोहोचलो. पोती साठ, सर्व कोरडी. छावणीत माणसे शून्य.