उदगीरचा वरवंटा, रिस्क मॅनेजर

मी वरवंटा बोलतोय. दगडाचं बोलणं हळू असतं. घाई असेल तर चहा पिऊन या, तोवर माझं एक वाक्य होईल.

माझा जन्म औशाच्या बाजूला एका खाणीत झाला. माणिकप्पा पाथरवटानं तीन दिवस ठोकून मला गोल केलं. उदगीरच्या बाजारातून धुरपताबाईंनी मला पाट्यासकट घरी नेलं. त्यांच्या पोराच्या बारशाला आधी मलाच कुंची घालून पाळण्यात निजवलं. रीतच आहे तशी. बायांनी मला गोप्या म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, मग पोरगा ठेवला. त्या हिशोबानं संगप्पा माझा धाकटा भाऊ लागतो. त्याला हे पटत नाही, पण नातं काय पटण्यावर असतं का.

धुरपताबाई गेल्या. संगप्पा धान्याच्या मोंढ्यात एका अडत्याकडं मुनीम झाला. त्याची बायको रुद्राणी माझ्याखाली शेंगदाण्याची चटणी वाटायची. चटणी लई गाजली, पार नांदेडहून मागणी आली. पण बाईचा खांदा तो, किती ओढणार? उजवा हात वर जाईना, वेणी शेजारीण घालून द्यायची. म्हणून तिनं कांडप मशीन घ्यायचं ठरवलं आणि चार वर्षं चटणी विकून ऐंशी हजार जमवले. मशीन आली की मी रिकामा, हे मला कळत होतं. पण तिचा खांदाही मला कळत होता. सगळ्यात जवळून मीच बघत होतो तो.

ते ऐंशी हजार संगप्पानं मोबाईलवरच्या बाजारात घातले. म्हणाला, दोन महिन्यांत मोठी मशीन आणू.

त्या बाजारातलं नाणं, क्रिप्टो म्हणतात ते, दिसत नाही आणि वाजतही नाही. पण संगप्पा नाणं घेतच नव्हता. भाव हलणार नाही, असा करार तो लोकांना विकायचा. दोन खुंट्या ठोकायच्या. भाव त्यांच्या मधे पडून राहिला तर कराराचे पैसे ह्याचे. खुंटी उपटून पळाला, वर पळो की खाली पळो, तर भरपाई ह्याच्या खिशातून, आणि त्या भरपाईला तळ नाही. मोंढा अमावास्येला तरी बंद असतो. हा बाजार अमावास्या पण पाळत नाही.

आता भाव हलू नये म्हणून माणसानं काय करावं? संगप्पानं घरात कुकरची शिट्टी बंद केली. पंखा एकवर. रुद्राणीनं जोडवी वाजू न देता चालायचं. पाव्हणे आले तर ओठांवर बोट ठेवून सांगायचा, भाव झोपलाय. सहा आठवडे भाव खरंच झोपला. संगप्पाची खात्री पटली की हे कुकरमुळंच झालं.

सातव्या आठवड्यात भाव कूस बदलू लागला, आणि पैसे कुठं आहेत ते रुद्राणीला कळलं. ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं की ह्या गाडीला ब्रेक हाय का. तो म्हणाला, हाय, स्टॉप-लॉस म्हणतात त्याला. वीस हजारावर नुकसान गेलं की सौदा आपोआप तुटतो.

"मग अजून तुटला कसा न्हाई?"

"जवळ आलं की मी जरा सरकीवतो त्याला."

बांधाचा दगड सरकवणारी माणसं मी ऐकली होती. पण ती शेजाऱ्याच्या रानात सरकवतात. हा आपल्याच रानात सरकवत होता.

मग संगप्पानंच सांगितलं की मोठ्या कंपन्यांत हा ब्रेक सांभाळायला एक वेगळा माणूस असतो, रिस्क मॅनेजर. तो भीत नाही, हावरट नसतो, आणि सौदे करणाऱ्याचं ऐकत नाही.

रुद्राणीनं स्वयंपाकघरात एकवार नजर फिरवली. "ह्यो हाय की. भीत न्हाई, हावरा न्हाई, आन तुमचं तर मुळीच ऐकत न्हाई."

अशी माझी नेमणूक झाली. करार शुक्रवारी दुपारी दीडला संपणार होता. तोवर स्टॉप-लॉस वीस हजारावर ठेवून मोबाईल स्टीलच्या डब्यात, डबा पाट्यावर, आणि झाकणावर मी. रोज सकाळी रुद्राणी मला ओल्या लाल मिरचीचा गोळा चोपडायची. मला उचललं की हात लाल, आणि लाल हात लपत नाहीत. मोंढ्यातली मोठी डोकी पण एवढा पक्का बंदोबस्त करत नसतील.

शुक्रवारी सव्वाबाराच्या पुढं डबा टुंगटुंग करू लागला. रुद्राणी मागं शेंगदाणे भाजत होती. संगप्पानं सांडशी आणली. हाताला मिरची लागू नये म्हणून मला सांडशीत धरून उचललं. मी निसटलो. खाली मोबाईलचा डबा, म्हणून बिचाऱ्यानं दोन्ही हातांनी मला झेललं. मग घाम पुसायला तोच हात डोळ्यांवर नेला.

बोंब ऐकून रुद्राणी पाणी घेऊन आली तर हा डोळे मिटून, डब्यातून काढलेला मोबाईल पुढं करून उभा. पाणी मागून दे म्हणे, आधी हे बघ. तिनं बघितलं. नुकसान एकोणीस हजार चारशे.

"ती स्टॉप-लॉसची लाल रेघ हाय न्हवं, बोटानं जरा वर वढ. भाव परत येतो, रुद्राणी. तासाभराचा तर प्रश्न हाय."

तिचं बोट रेघेवर गेलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या मनात पाप आलं. वढ म्हणावं. पैसे बुडाले तर मशीन येत नाही, आणि मी पाट्यावर राहतो. मग तिचा तो खांदा दिसला, मोबाईल धरतानाही एका बाजूला पडलेला.

"गोप्या काय म्हनतो?" तिनं विचारलं.

"तो काय म्हननार? दगड हाय तो."

"नेमला तवा बी दगडच हुता."

तिनं मोबाईल डब्यात ठेवला, झाकण लावलं, वर मला ठेवलं आणि नवऱ्याचे डोळे धुवायला बसली. थोड्या वेळानं डब्यात एकदाच वाजलं. सौदा तुटला.

आणि दीड वाजायच्या आत भाव मुकाट्यानं खुंट्यांच्या मधे परत आला. संगप्पानं सुजलेल्या डोळ्यांनी तो बघितला आणि भिंतीला टेकून म्हणाला, "बघ. आला हुता परत."

"त्यो आला आसंल. आपन त्याच्या आधी घरी आलोत."

उरलेल्या साठ हजारांत जुनी मशीन आली, औशाच्या एका कारखान्यातली. चालू केली की थरथरत दाराकडं चालायला लागायची. संगप्पानं विटा लावल्या, लाकूड लावलं, कशालाच ऐकेना. शेवटी रुद्राणीनं मला मशीनच्या पायाशी अटकण म्हणून ठोकून बसवलं. तेव्हापासून ती जागची हलली नाही.

रुद्राणीचा हात आता डोक्यापर्यंत जातो, वेणी तिची ती घालते. चटणी कांडून घ्यायला आलात तर पायाशी बघा, मीच आहे. राम राम करा, पण काढून बघू नका. आणि चुकून हात लागलाच, तर तो डोळ्याला लावू नका.