खाचेतलं पाणी

मित्रांनो, या हॉटेलच्या भिंतीवर टांगलेला, पॉलिश करून चकचकीत केलेला नारळाचा जुना ओंडका बघताय ना, तो मी. फोटो नंतर काढा. आधी माझं ऐकून घ्या, डोकं फिरलंय माझं.

बालीतल्या या डोंगरउतारावर भातखाचरांना पाणी देणारा पाट आहे. त्यात मला आडवा बसवला होता. इथल्याच एका शेतकरणीच्या, रुस्नीच्या आज्याने छिन्नीने माझ्यात खाचा पाडल्या. ज्याचं जेवढं शेत, तेवढी त्याची खाच रुंद. बोटभरही वाढवायची नाही. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरायचं, तिथून त्याच्या खालच्यात. जो खाली पाणी सोडणार नाही, त्याची खाच सगळ्यांनी मिळून चिखलाने बुजवायची, असा नियम. रुस्नी रोज सकाळी माझ्यापुढे फुलांची परडी ठेवायची. काय थाट होता माझा!

मग रुस्नीच्या वरचं शेत या हॉटेलने विकत घेतलं. शेताबरोबर खाचही गेली. पाणीवाटप बघणारे मेंद्राकाका म्हणाले, "जाऊ दे की. पाणी काय, वापरून खालीच येणार!" भोळा माणूस. पोहण्याच्या तलावात नि गटारात गडप होणारं पाणी त्यांनी पाहिलं होतं कुठे?

हॉटेलने पाट सिमेंटचा करून दिला, तोही फुकट. पाणी हॉटेलकडे वळवायला त्यात लोखंडी दार बसवलं. मला उपटून इथे टांगलं आणि शेजारी हिरवी पाटी लावली : 'आम्ही पृथ्वी जपतो. टॉवेल पुन्हा वापरा.' अरे, लाज कशी वाटत नाही! टॉवेल वाचवताय आणि अख्खा पाट पिताय? पाऊस आधीच बेभरवशाचा झालाय, झरे आटलेत. रुस्नीचं खाचर भेगाळलं, पोटरीतलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतातलं भात पिवळं पडलं. तिचं घर त्या एका खाचरावर चालतं हो!

काल ती फुलांची परडी घेऊन थेट इथे आली. रखवालदार म्हणाला, "मावशी, मागच्या दाराने या." ती ऐकते कसली! तिने परडी माझ्याखाली ठेवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल काढले. मॅनेजर हात चोळत आला.

"वा, मावशी! रोज येत जा ना असं. पाहुण्यांना फार आवडतं. पगार देऊ."

रुस्नीने माझ्या कोरड्या खाचेतून बोट फिरवलं. "यातलं पाणी कुठंय, साहेब?"

"अहो, ही शोभेची वस्तू आहे."

"मग फुलं कशाला वाया घालवू?" तिने परडी उचलली आणि तरातरा निघून गेली.

पुढचं मला रखवालदाराच्या तोंडून कळलं, तो तिच्याच गावचा. ती मेंद्राकाकांच्या अंगणात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, नियम विसरलात की विकलात?" आज सकाळी सगळं गाव पाटावर जमलं आणि हॉटेलच्या लोखंडी दारापुढे चिखलाचा बांध पडला. पहिला गोळा काकांनीच टाकला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या खोलीतला नळ आता नुसता फुसफुसतोय. चिडलात? खुशाल चिडा! पाणी का नाही, हे मॅनेजरला विचारा. आणि विचाराल तेव्हा हेही विचारा, की काल तुम्ही आंघोळ केलीत ते पाणी स्वच्छ होऊन रुस्नीच्या खाचरात का उतरलं नाही. इथे, माझ्यासमोर विचारा. तो काय उत्तर देतो, ते मलाही ऐकायचंय.