तीनदा मागितलेलं माप

भुसावळच्या उन्हात लोकर घेऊन बसणारी बाई म्हणजे मीच, बेबाबाई. दीपनगरच्या पोरी हसायच्या, "काकू, जीव चाललाय उन्हानं, आणि तुम्ही स्वेटर काढलाय?" हसा बायांनो! थंडीत अंगात घालायचं तर टाके उन्हाळ्यातच घालावे लागतात. थंडी काय कुणासाठी थांबते?

यंदाचा स्वेटर आमच्या ह्यांचा होता. नाव घेते, आता काय बिघडतं. रुपचंद. दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते, तिथल्याच कॉलनीत राहायचो. निवृत्त झाल्यावर आम्ही कॉलनीबाहेर दोन खोल्या बांधल्या, पण ह्यांचा जीव कॉलनीच्या मैदानातच अडकलेला. एप्रिल-मे तिथे व्हॉलीबॉलचे सामने चालतात. उन्हं कलली की हे मला घेऊन निघायचे. मूळचे पिंपळनेरचे, अहिराणी बोली काही सुटली नव्हती. बाकावरून ओरडायचे, "अरे, हात शे का लाकूड!" मी शेजारी विणत बसायचे. फार बोलत नव्हतो आम्ही. पण चाळीस वर्षांच्या संसारात एवढा सुखाचा उन्हाळा मला दुसरा आठवत नाही.

माप मी होळीनंतर लगेच घेतलं होतं. छाती, खांदा, बाही, सगळं.

एप्रिलच्या मध्यावर हे म्हणाले, "बेबा, मनं माप परत ली ले." मी म्हटलं, परत कशाला घ्यायचं तुमचं माप? तर म्हणाले, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. मी हसण्यावारी नेलं. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते सांगायची लाज वाटते. धरणगावला माझी आई, झुंबरबाई, विणायची. ती म्हणायची, सुया चालू असताना माणसाचं दुसऱ्यांदा माप घेऊ नये, आयुष्य आखडतं त्याचं. आमच्या घरात रोज बुद्धवंदना होते. अंगारे-धुपारे करणाऱ्या बायांना मी तोंडावर झापते. पण आईचं हे एक बोलणं मनात कुठे रुतून बसलं होतं कोण जाणे.

मेच्या सुरुवातीला ह्यांनी परत विचारलं. मी विषय बदलला. फायनलच्या दिवशी तिसऱ्यांदा. ओरडायला त्यांचा आवाजही निघत नव्हता त्या दिवशी. "ली ले वं एकदा," म्हणाले, "ढगळा व्हई तो." मी खेकसले, "गप बसा हो, सामना बघा!" आणि जुन्याच मापाने स्वेटरची पाठ पुरी केली.

अहो, मापाची पट्टी माझ्या पिशवीत होती. छातीला एकदा लावली असती तर चार इंच कुठे गेले ते कळलं असतं की नाही? घरातच माणूस झिजत होता आणि मी टाके मोजत बसले.

जूनमध्ये ते घेरी येऊन पडले. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवं होतं. जुलै काही त्यांनी पुरा पाहिला नाही.

जलदान विधीला आलेले सगळे एकच बोलत होते, रुपचंदभाऊंनी दुखणं लपवलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी मान हलवत राहिले. बरं वाटत होतं ते ऐकायला, खोटं कशाला बोलू?

आता दिवस कसेबसे जातात. सकाळी चहा दोन कपांचा टाकते आणि एक मोरीत ओतते. मैदानाकडची वाट मी सोडून दिली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत शिल्पा आली, आमची एकुलती एक, धुळ्याला शाळेत शिकवते. बापाच्या फोटोपुढे उभीसुद्धा राहिली नाही. फोटोकडे पाठ करून बसली अन् म्हणाली, "सांगायला काय झालं होतं त्यांना? तोंड शिवलं होतं का? मी नेलं असतं मुंबईला, नाशिकला, कुठेही. मला कधी माफ करता येणार नाही त्यांना."

लहानपणी बापाच्या खांद्यावरून खाली न उतरणारी पोर ती. मला ते बघवेना.

मी म्हटलं, "शिल्पा, त्यांनी लपवलं नव्हतं. माप घे म्हणून मागे लागले होते. मीच घेतलं नाही." मग आईच्या बोलण्यासकट सगळं सांगितलं.

तिने एवढंच विचारलं, "किती वेळा म्हणाले?"

"तीनदा."

ती उठली, बापाच्या फोटोवरची धूळ पदराने पुसली, हात जोडले. रडली. मग पिशवी उचलली आणि माझ्याकडे न बघता दुपारच्या धुळे गाडीला निघून गेली. घास तोंडात घातला नाही पोरीने.

महिना झाला, फोन नाही. मी केला तर उचलत नाही. वाईट वाटतं, का नाही वाटणार? आईच आहे मी. पण बापावरचा राग गेला तिचा. तो आता माझ्यावर आहे, असू दे. ज्याने तीनदा सांगितलं, त्याच्या माथी तो कशाला हवा?