अकरा मतांची पेटी

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी एक मतपेटी आहे आणि पेटीला खोटं बोलता येत नाही. तशी मी अस्सल सागवानी असल्याचं आजवर सगळ्यांना सांगत आले, ते सोडा. आहे प्लायवूडच. वरून पॉलिश.

मतदान केंद्रावरच्या पत्र्याच्या पेट्या माझ्या चुलत बहिणी. त्यांच्या पोटात लाखो मतं कोंबतात, माझ्या पोटात फक्त अकरा. पण राष्ट्राध्यक्ष ठरतो तो माझ्यासारखीच्या पोटातून! रांगेत उभं राहून लोक निवडतात ते निर्वाचक. आमच्या प्रांताचे अकरा. प्रांतात ज्या उमेदवाराला एक मत जरी जास्त, त्याचे अकराच्या अकरा, दुसऱ्याला भोपळा. मग सगळ्या प्रांतांचे निर्वाचक मोजायचे. अर्ध्याहून जास्त ज्याच्याकडे, तो राष्ट्राध्यक्ष. देशभरात लोकांची मतं त्याला कमी पडली असली तरी. हे ऐकून बहिणी इतक्या हसल्या, की एकीची कडी निखळली.

मला घडवताना सुतारानं विचारलं होतं, “फट केवढी ठेवू?” कारकून म्हणाला, “कागद जाईल एवढी. विचार जायला नको.”

त्या वर्षी आमच्या अकरांत एक सिस्टर होती. डोंगराळ गावातल्या प्रसूतिगृहात तिची सगळी नोकरी झालेली. पक्षाचं इमानानं काम केलं म्हणून तिला निर्वाचक केलं. लोकांचं मतदान उरकलं आणि तिच्याच उमेदवारानं जाहीर केलं, लहान गावांतली प्रसूतिगृहं बंद करणार. त्याच्याकडे अर्ध्याहून नेमका एकच निर्वाचक जास्त होता. सिस्टर फिरली असती, तर त्याचं बहुमत गेलं असतं.

सभागृहात मतपत्रिका आधी अधिकाऱ्याला दाखवून मगच माझ्यात टाकायची.

“सिस्टर, नाव चुकलंय.”

“चुकलेलं नाही. दुसऱ्याचंच लिहिलंय.”

“मग मत बाद. कायदाच आहे तसा. बदली निर्वाचक कोण?”

मागच्या खुर्चीवरून तिचा सख्खा दीर उठला.

“भाऊजी,” सिस्टर म्हणाली, “तुमचा धाकटा पायाळू होता. माझ्या हातावर जन्मला. ते प्रसूतिगृह नसतं, तर डोंगराच्या वाटेवर मायलेकरं दोघंही गेली असती.”

“ठाऊक आहे हो वहिनी. पण मी नाही म्हटलं, तर माझ्यामागं आणखी एक बदली बसलाय.”

“मग त्याला टाकू दे. तुम्ही नका टाकू.”

दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव लिहिताना कागदावर एक थेंब पडला. ओलसर कागद माझ्या पोटात आला. अकरापैकी अकरा. टाळ्या झाल्या. सिस्टरला कोणीतरी म्हणालं, “चहा घेऊन जा हो.” ती थांबली नाही.

प्रसूतिगृहाला कुलूप लागलं. बायका आता डोंगर ओलांडतात. ज्यांना जमतं त्या. मी कोठारात तुटक्या पंख्याखाली पडून असते. निवडणूक आली की पुसतात, अकरा कागद घालतात, पुन्हा ठेवून देतात. मला काही मागायचं नाही. मागून कोण देणार?

शपथ घेतलीच आहे, तर एक सांगून टाकते. दिराचं ते रडणं मी पदरचं घातलं. कागद कोरडाच होता. मत टाकून तो एवढंच म्हणाला, “झालं ना? गाडी रस्त्यात लावलीय.”

बाकी सगळं खरं आहे.