चौकशीचा चहा

सकाळी नळ आला आणि खोल्यांच्या रांगेत हंडे-बादल्यांची रोजची झोंबाझोंबी सुरू झाली. जुन्या धुळ्यातल्या त्या बोळात सगळ्या बिऱ्हाडांना नळ एकच. इंदिराबाई सोनवणे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, सकाळी त्यांची घाई असे, म्हणून कुंदाबाई आपला हंडा बाजूला सारून त्यांना पुढे घेत. भिंतीला भिंत लागून दोघींचं बिऱ्हाड होतं. कुंदाबाईंची मुलगी पाढे इंदिराबाईंपाशीच शिकली होती.

त्या दिवशी बादली भरता भरता इंदिराबाई म्हणाल्या, "आता थोडेच दिवस हो कुंदाबाई. तिकडे नव्या घरात नळ स्वयंपाकघरातच आहे. आणि ओट्यावर मी माझ्या उंचीची फळी मारून घेणार. इथं डबे काढायला रोज पाटावर चढावं लागतं."

बोलल्या त्या आनंदाच्या भरात. कुंदाबाईंच्या मनात मात्र ते कुसळासारखं रुतलं. स्वयंपाकघरात नळ! घरात गेल्यावर त्यांची फोडणी करपली आणि त्याचा राग निघाला मुलीवर.

इंदिराबाई आणि त्यांचे यजमान भिकनराव यांनी साक्री रोडला नव्यानंच बांधलेलं घर घ्यायचं ठरवलं होतं. दोघंही नोकरीला, पै पै जमवलेली. घर दाखवलं होतं झुलालभाऊ दलालानं. हा झुलालभाऊ पूर्वी लग्नं जुळवायचा. कॉलन्या उठायला लागल्या तसा घरांच्या दलालीत शिरला, पण जुनी खोड गेली नाही. कुणाला घर द्यायचं तर गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाऊन चहा प्यायचा, माणसं कशी, चालचलन कसं, आणि शेवटी उठता उठता 'कोन लोके?', म्हणजे जात कोणती, ते विचारायचा. बिल्डरला ही रीत पसंत होती. एक घर 'भलत्याला' गेलं की बाकीची पडून राहतात, असं तो उघड म्हणायचा. आणि सोनवणे हे आडनाव खानदेशात इतक्या जातींत आहे, की नुसत्या आडनावावर झुलालभाऊचं समाधान होईना.

आठवडाभर कुंदाबाईंना दुसरं काही सुचलं नाही. इंदिराबाई घर बघून आल्या की त्यांच्या चपलांना सिमेंटची पांढरी धूळ असे. ती धूळसुद्धा कुंदाबाईंच्या डोळ्यांत खुपायची. नवरा तोताराम एस.टी.च्या वर्कशॉपमधून थकून आले की त्यांच्यामागे टुमणं सुरू. "त्या जाई राहिन्या बंगल्यात, आपन मरू आठेच." तोताराम म्हणायचे, "आपलं बी व्हई." पण कुंदाबाईंना आपलं व्हावं याची तितकी घाई नव्हती. तिचं होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. मत्सराचं असंच असतं. त्याला स्वतःसाठी काही मागायचं सुचत नाही.

अशात एका दुपारी झुलालभाऊ कुंदाबाईंच्या दारात उभा राहिला. घरात साखर नव्हती. कुंदाबाई वाटी घेऊन शेजारी गेल्या. इंदिराबाई नुकत्याच शाळेतून आलेल्या. पाहुणा कोण आणि कशाला आला, हे त्यांनी खिडकीतून ओळखलंच होतं. त्यांनी वाटी शिगोशीग भरली आणि हळूच म्हणाल्या, "आमच्याबद्दल चांगलं सांगा हो."

चहा झाला. झुलालभाऊनं बशीत ओतून फुर्रकन ओढला.

"वाहवा! आते सांगा वहिनी, मानसं कशी शेतस?"

"चांगली शेतस," कुंदाबाई म्हणाल्या.

"भांडनतंटा?"

"कधीच नही."

"पोरगी देवानी काय नि घर देवानं काय, चौकशी करनीच पडस. वाईट वाटी लेऊ नका." झुलालभाऊ उठला, टोपी सारखी केली. "कोन लोके?"

इथं कुंदाबाईंना म्हणता आलं असतं, 'माले काय माहीत?' म्हणता आलं असतं, 'मानसं चांगली शेतस, सांगितलं ना.' जात त्यांच्या मनात एरवी नसे. इंदिराबाईंच्या हातचं पिठलं त्यांनी कितीदा खाल्लं होतं. पण स्वयंपाकघरातला तो नळ डोळ्यांसमोर आला आणि जीभ सैल सुटली.

"तुमले माहीत नही? जयभीमवाले शेतस त्या."

झुलालभाऊनं 'असं असं' म्हणत मान हलवली आणि चपला घातल्या.

दोन-चार दिवसांत भिकनरावांचा बयाणा परत आला. बिल्डरच्या नात्यातलाच कुणी घर मागतो आहे, असं सांगण्यात आलं. खरं काय ते भिकनरावांना कळायचं राहिलं नाही. असं त्यांच्या घराण्यात पहिल्यांदा घडत नव्हतं. सांगितलं कुणी, एवढंच ठाऊक नव्हतं. इंदिराबाई दुसऱ्या दिवशी नळावर आल्या नाहीत. कुंदाबाईंनी हंडा भरला आणि त्यांना वाटलं, आता बरं वाटेल. वाटलं नाही.

आणि मग झुलालभाऊ पुन्हा आला, या खेपेला तोतारामांकडे. "घर मोकळं शे. तुमीन सोनासारखी मानसं. बिल्डर तुमले हप्त्यानं देई." तोतारामांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. गावाकडच्या वाटणीचे पैसे होतेच. रविवारी नवराबायको झुलालभाऊबरोबर रिक्षानं साक्री रोडला गेले.

घर खरोखर देखणं होतं. ओल्या चुन्याचा वास, लाल कोब्याचा ओटा. कुंदाबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. पाणी धो धो आलं. त्यांनी वर पाहिलं आणि हात तसाच नळावर राहिला. ओट्यावरच्या भिंतीवर गुलाबी खडूनं एक आडवी रेघ मारलेली होती, बुटक्या बाईच्या हाताला येईल इतकी खाली. शाळेतला खडू.

"ती पुसाई जाई," झुलालभाऊ मागून म्हणाला. "तुमीन फळी वरती मारा."

तेवढ्यात शेजारच्या घरातून सुगंधाबाई नावाची एक बाई हात पुसत आली. गोरी, हसतमुख. "या या. कोन लोक तुम्ही?"

हा प्रश्न कुंदाबाईंनी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला होता आणि सहज उत्तर दिलं होतं. आज तो ऐकून त्यांनी पुन्हा वर पाहिलं. आपण काय केलं ते त्यांना त्या रेघेखाली उभं राहून लख्ख दिसलं, आणि स्वतःची शिसारी आली.

त्या झुलालभाऊकडे वळल्या. "भाऊ, त्या दिशी मना घरना चहा कसा लागना व्हता?"

"फक्कड व्हता वहिनी. काब्र इचारी राहिन्यात?"

"त्यानी साखर इंदिराबाईना डबामझारली व्हती. गोड लागनी, तुमना पोटमझार गयी. आते सांगा, तुमीन कोन लोके?"

झुलालभाऊनं टोपी सारखी केली. सुगंधाबाई दोन पावलं मागं सरकली.

"हाई घर माले नको," कुंदाबाई म्हणाल्या आणि नळ बंद केला.

रिक्षात तोताराम एवढंच म्हणाले, "येड लागनं का तुले?" वाण्याकडून साखर आणून कुंदाबाईंनी वाटी भरली आणि त्या शेजारच्या दारात गेल्या. इंदिराबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कुंदाबाईंनी वाटी समोर ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. नळाचा हेवा सांगितला, दलालाला काय सांगितलं ते सांगितलं, आणि रडायला लागल्या.

इंदिराबाईंनी त्यांना रडू दिलं. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "जातीचं मला नवं नाही, कुंदाबाई. त्या दलालानं मला विचारलं असतं तर तोंडावर सांगितलं असतं मी, मान वर करून. पण मी वाटी शिगोशीग भरून दिली होती. म्हटलं, आपल्या घराचं बोलणं चाललंय, चहा गोड व्हायला हवा."

कुंदाबाईंना मान वर करवेना. "तुम्ही म्हणाल ते करते."

"मला एकटीला सांगून भागायचं नाही. उद्या नळावर सगळ्यांसमोर सांगा. मग माझ्याबरोबर बिल्डरकडे चला, आणि तिथंही सांगा."

दुसऱ्या दिवशी नळावर कुंदाबाईंनी सांगितलं. हंडे भरून वाहिले तरी कुणी हलवले नाहीत. संध्याकाळी दोघी बिल्डरच्या कचेरीत गेल्या. त्यानं खुर्च्या दिल्या, गोड बोलला, आणि ते घर तिसऱ्याच कुणाला विकलं. इंदिराबाई पुढची दोन वर्षं पाटावर चढून डबे काढत राहिल्या. कुंदाबाईंचा हंडा त्यांच्यासाठी पुन्हा बाजूला सरू लागला. इंदिराबाई बादली लावत, पण पूर्वीसारखं बोलत नसत.

वाचकहो, झुलालभाऊ अजून हिंडतो आहे. धुळ्यात, जळगावात, जिथं जिथं नव्या भिंतींना गिलावा लागतो आहे तिथं. एखाद्या दुपारी तो तुमच्याही दारात येईल, शेजाऱ्याची चौकशी करायला. माणूस गोड बोलतो, चहा आनंदानं पितो. त्याला चहा जरूर पाजा. पण तो टोपी सारखी करत उठेल आणि दारातून तो प्रश्न विचारील, तेव्हा उत्तर देण्याआधी आपल्या घरातली साखर कुणाकडून आणली आहे, ते एकदा आठवून पाहा.