अठ्ठेचाळीस ते पन्नास

पडद्यावर एकोणऐंशी चौकोन होते, त्यातले तीन काळे. सरांनी हात वर केला, कुठूनसा बारीक सूर लागला आणि तिन्ही चौकोन हिरवे झाले. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. कोणी रडत होतं, कोणी मोबाईल उंच धरून चित्रण करत होतं.

"एकवीस दिवस नादलहरी, आणि तुटलेलं जनुक सांधलं!" सर गरजले. "औषधं कसली घेताय? पेशींशी बोला, पेशी ऐकतात!"

पेशी ऐकतात म्हणे! याच माणसाने कॉलेजात मला पहिली पेशी दाखवली होती. मी आज प्रयोगशाळेत जनुकांच्या चाचण्या करते ती त्यांच्यामुळेच. म्हणून मुलाला सरांच्या शिबिराला नेऊ का, असं धाकटा भाऊ विचारायला आला तेव्हा मी बेधडक म्हणाले होते, "जा. माझे सर आहेत, फसवणार नाहीत."

भाऊ शिंपी. त्याच्या सात वर्षांच्या मुलाचे स्नायू झिजत चाललेत. आजार मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितला होता. जनुक म्हणजे लांबलचक कापड, त्यातले कामाचे एकोणऐंशी तुकडे म्हणजे एक्सॉन. पेशी मधल्या चिंध्या टाकते, तुकडे क्रमाने जोडते आणि त्या बेतावर स्नायूंना लागणारं प्रथिन बनवते. याच्या जनुकात अठ्ठेचाळीस ते पन्नास हे तीन तुकडे जन्मापासूनच नाहीत, त्यामुळे पुढची शिवण जुळत नाही आणि प्रथिन बनतच नाही. माझ्या या हुशारीचा भावाने भलताच अर्थ घेतला. तुकडा गेला तर नवा लावता येतो, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

"ताई, बघ! सगळे तुकडे आले!" तो अहवाल नाचवत आला. "गोळ्या मी दीड महिन्यापूर्वीच बंद केल्या."

त्या गोळ्यांमुळेच तर झीज धिम्या गतीने होत होती, आणि त्या अशा एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

अहवाल खऱ्या प्रयोगशाळेचा होता. प्रत्येक एक्सॉनपुढे प्रतींचा आकडा होता दोन. पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनच. हे जनुक असतं एक्स गुणसूत्रावर. मुलाकडे एक्स एकच, मुलीकडे दोन.

"या अहवालासाठी नमुना कोणाचा घेतला?" मी विचारलं.

भाऊ गोंधळला. उत्तर त्याच्या दहा वर्षांच्या लेकीने दिलं. "माझा, आत्या. सरांनी माझ्या गालात कापूस फिरवला. म्हणाले, बहिणीची ऊर्जा लागते."

"आणि तुझ्या भावाचा?"

"त्याला नुसतं चॉकलेट दिलं."

मी तरातरा मंचावर गेले. "सर, मुलाच्या अहवालात दोन-दोन प्रती कशा? परीक्षेत हा प्रश्न तुम्हीच घालायचात!"

सर चष्मा पुसू लागले. मग हळूच म्हणाले, "आकडे कोण वाचतं गं? लोकांना आशा हवी असते."

"त्याच्या गोळ्या बंद झाल्यात, सर!"

सरांच्या बाहीतून पडद्यावरची चित्रं बदलायचं बटण खाली पडलं.

भाऊ 'दोन'च्या आकड्यांवरून बोट फिरवत होता. "पोरीचं माप पोराच्या नावावर खपवलं," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "तू सांगितलंस म्हणून गेलो, ताई."

मला मान वर करता येईना. सरांनी मला फसवलं, आणि माझा शब्द वापरून माझ्या भावाला.

आम्ही तडक मुलाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. दवाखान्याला सहा पायऱ्या आहेत. मागच्या खेपेला पोरगं कठडा धरून चढलं होतं. आज भावाने त्याला उचलून नेलं.

म्हणून हात जोडून सांगते. जन्मजात नसलेले एक्सॉन सुराने उगवत नाहीत. चमत्काराचा अहवाल कोणी दाखवला तर नमुना कोणाचा, कोणी घेतला, हे विचारा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका. आणि "माझे सर आहेत" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्यालाही विचारा, तू स्वतः तपासलंस का? मला कोणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.