पेटा आईच्या ताटात

बाबा गेल्यावर सिमियुकाका दर रविवारी काकूला घेऊन जेवायला येऊ लागले. यायचे ते थेट बाबांच्या खुर्चीत बसायचे, कोंबडीचा पेटा, तिच्या पोटातला मानाचा तुकडा, आपल्या ताटात घ्यायचे आणि खाता खाता नदीकडच्या शेताचा विषय काढायचे. बाईमाणसाला एवढी जमीन झेपत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्हा केनियातल्या बुकुसू लोकांमध्ये पेटा घरच्या कर्त्या पुरुषाचा. बायकांनी आत चुलीपाशी पिठाची घट्ट उगाली आणि पालेभाजी खायची.

माझ्या आईने, नेलिमाने, सहा महिने ऐकून घेतलं. मग एका रविवारी मोठा कोंबडा कापला. नाचणीची उगाली घोटायला तिने मला हातही लावू दिला नाही. दंड भरून आले तरी एक गुठळी राहू दिली नाही. तपकिरी, वाफाळता गोळा तिने ताटात उपडा केला.

काकांना वाढून झाल्यावर तिने आपलं ताट आणलं आणि त्यांच्या समोरच बसली. काकांनी रस्सा ढवळून पाहिला.

"वहिनी, पेटा आत राहिला वाटतं?"

"राहिला नाही भावोजी. माझ्या ताटात आहे."

थट्टा समजून काका हसले. आईने उगालीचा लचका तोडला, हातात वळला, अंगठ्याने खळगा पाडून त्यात रस्सा घेतला आणि पेट्याच्या तुकड्यासकट तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावत राहिली. इतक्या चवीने जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"पुरुषाचा मान खाल्लात तुम्ही," काकांचा आवाज चढला. "गावात तोंड कसं दाखवणार?"

"कोंबडा मी वाढवला. नाचणी मी पेरली, मीच कापली. या घरची कर्ती मी आहे आणि शेतही माझंच राहणार. गावाला खुशाल सांगा. मीठ बरोबर पडलं होतं, तेही सांगा."

काका ताडकन उठले. दारातून त्यांनी बायकोला, नांजालाकाकूला, हाक मारली. ती आत चुलीपाशी पालेभाजी खात होती. बाहेर आली आणि काकांनी सोडलेल्या ताटावर बसली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "उगाली गरम आहे तोवर जेवून घेते."

गावभर बोभाटा झाला. काकांनी पंच बसवले, पण आईने तिच्या नावावरचा शेताचा कागद पुढे ठेवल्यावर पंचांनी शेत तिचंच ठरवलं. काका पुन्हा आले नाहीत. काकू मात्र दर रविवारी येते, आणि तंगडीवरून तिचं नि माझं भांडण होतं.